यमुनेचा तांब्या

मुक्ता, रोहन, तुमच्या आईने फोनवर तुम्हांला सांगितलं म्हणे, की आजीने यमुनेला पोटगी मिळवून दिली. हे खरं नाही. खोट्या गोष्टी घरात फार लवकर रुजतात, म्हणून झालं ते आजच लिहिते.

तुमची आई कॉलेजात होती तेव्हा मी दहिवलीत ओटीवर बसून बायकांचे अर्ज लिहून देत असे. यमुना पोशीरची. नवरा भिकाजी मोहोपाड्याला कारखान्यात. तिची लावणीची मजुरी तो परस्पर उचलायचा. एकदा कानातली कुडी ओढून नेली, ती पाळीसकट. तेव्हा मी तिला बजावलं, "नीघ, पण सासरचं एक भांडं उचलू नकोस. चोरीचा आळ घेतील."

पोटगीच्या अर्जाच्या तारखेला कर्जतच्या स्टँडवर ती आली ती पाण्याने भरलेला तांब्या घेऊन, वर फुलपात्र झाकून.

"अगं, हे कशाला?"

"कोर्टात पानी कोन देतंय, बाई?"

खोपोलीपर्यंत दोन्ही अंगांना राब (रोपांसाठी भाजलेली भातजमीन) काळे पडले होते. वाटेत एसटी पंक्चर झाली. यमुनेने तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी काढली; मी माझे कागद पुन्हा क्रमाने लावले. गाडी सुटताना तांब्या हिंदकळला आणि अर्जाच्या तिन्ही प्रती भिजल्या. मी इतकी चिडले, की खालापूर येईपर्यंत तिच्याशी बोलले नाही.

खालापूरला आमचे वकील म्हणाले, "लग्नाचा पुरावा?" नोंदणी नव्हती. भटजी वारले होते, लग्न लावून देणारा तिचा मामाही. सख्खा भाऊ अब्रूचं कारण सांगून घरी बसला होता. भिकाजीला हे सगळं ठाऊक होतं.

"ही तुमची पत्नी?" मॅजिस्ट्रेटांनी विचारलं.

"नाय साहेब. भावकीतली हाय. कामाला ठेवली होती."

यमुनेला तहान लागली असावी. तिने तांब्या उचलला. भिकाजी एकदम ओरडला, "तो आमचा तांब्या हाय! घरातून चोरून आनला हिनं!"

मी कपाळाला हात लावला. नेमकं हेच मी सांगितलं होतं.

यमुना मात्र शांतपणे म्हणाली, "त्यावर काय लिवलंय ते वाचा की, साहेब."

कारकुनाने चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचलं: "चि. भिकाजी व चि. सौ. कां. यमुना यांस लग्नात मामाकडून भेट."

"यातला भिकाजी कोण?"

भिकाजी आपल्या वकिलाकडे वळला.

एवढ्यावर निकाल लागेल असं मला वाटलं. छे! पुढची तारीख पडली आणि तांब्या पुरावा म्हणून जमा झाला.

"आता पानी कशात पिऊ, बाई?" यमुनेने विचारलं. परतीच्या गाडीत मी तिला माझ्या थर्मासचं झाकण भरून दिलं. मांडीवर तांब्या नसल्यामुळे हात कुठे ठेवावेत हे तिला कळत नव्हतं.

त्यानंतर किती खेपा घातल्या याची नोंद माझ्याकडे आहे. ती वाचून कुणाचंच भलं होणार नाही. पोटगीचा हुकूम झाला. पैसे काही महिने आले, मग थांबले, मग पुन्हा अर्ज. तांब्या सासरीच ठेवायला सांगणारी मी होते, हे तुमच्या आईला सांगा.

काल यमुना आली होती. कानाची पाळी तशीच फाटकी आहे. तांब्याही आहे; गळ्याला कोर्टाच्या लाखेचा डाग आहे, आणि दोन्ही नावं अजून वाचता येतात.