वरच्या मजल्याची किल्ली

श्रम विभागात निरीक्षक म्हणून इतकी वर्षं काढली की तक्रार ऐकताना चेहरा कोरा ठेवायची सवयच लागली होती. त्या दुपारी एक बाई ऑफिसात येऊन उभी राहिली. सदर बाजारातल्या साडीच्या दुकानात कामाला होती. मी फोनवर आईशी मराठीत बोलत होते, ते या हिंदी शहरात तिच्या कानाला लागलं असावं. फोन ठेवताच म्हणाली, "तुमी आपल्याकडच्याच दिसता मॅडम, म्हणून सांगते. आमच्या दुकानात बायांसाठी बाथरूम नाही. दिवसभर आमी पाणीच पीत नाही. एका पोट्टीले तर लघवीची बिमारी झाली. पण माह्यं नाव नका सांगजा जी."

आजकाल मनात आलं म्हणून तपासणीला जाता येत नाही. वरून परवानगी लागते. ती येईपर्यंत दुकानदाराला खबर पोचलेली असते. मी गेले तेव्हा मालकानं उठून खुर्ची दिली, थंड मागवलं. विकणाऱ्या बाया गादीपाशी उभ्या होत्या, त्यांच्यात तीही. बाथरूमचं मालकासमोरच विचारावं लागलं. सगळ्या म्हणाल्या, "कोई दिक्कत नहीं, मैडम." माझ्याकडे न बघता तीही तेच म्हणाली.

"ऊपर है ना, हमारे घर में," मालक म्हणाला. "सब घर की बच्चियाँ हैं."

"चला मग, मलाच जायचंय," मी हिंदीत म्हटलं.

त्याचं हसू मावळलं. म्हणाला, किल्ली बायकोकडे, आणि बायको मंदिरात. मी म्हटलं, थांबते. बसून राहिले. गिऱ्हाइकं येत होती, साड्या उलगडत होत्या, बाया उभ्याच होत्या. बऱ्याच वेळानं सुनेनं घरातूनच किल्ली आणून दिली. वर जाऊन बाथरूमचं दार उघडलं, तर आत छतापर्यंत साड्यांची खोकी.

नोटीस दिली. मग त्याचं उत्तर, मग मुदत, मग मुदतवाढ. पावसाळा गेला, दिवाळीही गेली. अखेर दुकानामागच्या बोळात बाथरूम बांधलं गेलं, आतून कडी लागणारं. मी पाहायला गेले तेव्हा एक पोरगी माझ्यासमोर जाऊन आली आणि माठातलं पाणी गटागटा प्यायली. मला बरं वाटायला हवं होतं. पण ती बाई कुठे दिसत नव्हती.

"वो तो छोड़ गई," मी न विचारताच मालक म्हणाला.

परत निघाले तर थोडं पुढे दुसऱ्या एका कापडाच्या दुकानाच्या पायरीवर ती दिसली. हातात कापडाच्या ताग्यांचा गठ्ठा.

"काढलं का तुला?"

"हव. त्याले समजलंच." आवाजात राग नव्हता, थकवा होता. "तिथं झालं म्हणते बाथरूम?"

"झालं."

"बरं झालं. त्या पोट्टीले लय तरास होता."

"आणि इथं?"

तिनं नुसती नकारार्थी मान हलवली. आतून हाक आली तशी गठ्ठा सावरत ती गेली. मी ऑफिसात परतले, पंखा लावला. मग त्या दुसऱ्या दुकानाच्या तपासणीसाठी परवानगीचा अर्ज लिहायला घेतला.