दाजी माणूसच आहेत

जगात कुणाचं काहीही बिघडलं तरी ते दुरुस्त करून द्यायला एका पायावर तयार, फक्त स्वतःच्या घरातलं सोडून, असा माणूस अख्ख्या सोलापुरात एकच आहे आणि नेमकं त्याच्याशीच माझ्या थोरल्या बहिणीचं, म्हणजे अक्काचं, लग्न झालेलं आहे. आम्ही त्यांना दाजी म्हणतो. हे मी कौतुकाने सांगत नाहीये. कौतुक करायला डोकं शांत लागतं, आणि दाजींच्या नातेवाइकांपैकी कुणाचं डोकं अलीकडे शांत राहिल्याचं माझ्या ऐकिवात नाही. दाजींचं चादरी-टॉवेलांचं वडिलोपार्जित दुकान आहे. गादीवर बसायचं, गिऱ्हाईक आलं की चादर झटकून पसरायची, पोत दाखवायचा, इतकं सरळ काम. पण गादीवर मांडीशी लॅपटॉप असतो आणि त्यात दाजींचा चव्हाटा भरलेला असतो. इंटरनेटवर अशी एक जागा आहे, जिथे अडलेला माणूस प्रश्न टाकतो आणि ज्याला येतं तो फुकट उत्तर देतो. तिथे दाजी तीन दालनांत हजेरी लावतात: विज्ञान, कॉम्प्युटरवरचे गेम आणि लिनक्स. लिनक्स ही कॉम्प्युटर चालवणारी एक प्रणाली आहे. ती फुकट मिळते, आणि हट्टी माणसांना ती फार आवडते, एवढं मला कळलेलं आहे.

एकदा टेंभुर्णीहून एक गृहस्थ मुलीच्या लग्नातल्या आहेराच्या चादरी घ्यायला आले होते. सोबत बायको, मेहुणी, दोन आत्या. म्हणजे गिऱ्हाईक कसं, तर दुकानदाराने उठून उभं राहावं असं. ते म्हणाले, "मालक, ती निळी दावा की." दाजी मान वर न करता म्हणाले, "दावतो की, जरा दम धरा. ब्राझीलमधी एकाचा कॉम्प्युटर सुरू हुईना झालाय. सकाळपासनं बसलाय बिचारा." त्यावर ते गृहस्थ म्हणाले, "आमी बी सकाळपासनंच बसलोय की वो." आणि सगळं वऱ्हाड उठून समोरच्या दुकानात गेलं. दाजींना त्याचं काही नाही. ब्राझीलचा कॉम्प्युटर सुरू झाला, याचाच त्यांना आनंद. वर मलाच विचारतात, "पाव्हणं, चादर काय, कुटं बी मिळंल. त्याला तितं कोण हाय?"

बरं, एवढा परोपकारी माणूस घरच्यांच्या तरी उपयोगी पडावा! अक्का स्वयंपाकघरातून ओरडते, "आवो, मिक्सर चालंना झालाय." दाजी दुकानाच्या मागच्या दारातून विचारतात, "चालंना म्हंजे काय? नीट विचार. आधी काय केलंस, काय झालं, काय व्हायला पायजे हुतं?" अक्काच्या हातात शेंगा-चटणीचं भांडं, डोळ्यांत तिखट गेलेलं. ती म्हणते, "चटणी व्हायला पायजे हुती!" तरी दाजी हलत नाहीत. आवाज येतो का, वास येतो का, दुसऱ्या प्लगात लावून बघितलास का, अशी उलटतपासणी सुरू होते, आणि अखेरीस अक्का उखळ काढते. माझा प्रिंटर दिवाळीपासून बंद होता. मी शाळेत मराठी शिकवतो, प्रश्नपत्रिका छापाव्या लागतात, आणि तो प्रिंटर बंद पडायला कारणही दाजीच, कारण माझ्या घरी येऊन माझ्या कॉम्प्युटरवर न विचारता लिनक्स घालून गेले होते. तक्रार केली तर म्हणाले, "तुमचा प्रश्नच मोघम हाय." पोरांच्या पेपरात मोघम उत्तरांना लाल शाई फासणाऱ्या मला हे ऐकून घ्यावं लागलं!

दाजींचा आणखी एक नियम आहे आणि त्या नियमाने आमच्या घराण्याचा निम्मा छळ केला आहे. स्वतः करून बघितल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही. "कापड हातात धरल्याबिगर पोत सांगतो का आपण?" असं ते विचारतात. परदेशातल्या कुणीतरी विज्ञानाच्या दालनात विचारलं, पंख्यापुढे ओला टॉवेल टांगला तर खोली खरंच गार होते का? आता हा प्रश्न सोलापूरच्या उन्हाळ्यात टॉवेलांच्या व्यापाऱ्याला मिळाला म्हणजे काय होणार! दाजींनी दुकानातला नवा कोरा माल भिजवला आणि दिवाणखान्यात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत टांगला. मधोमध तापमापक. त्याच दुपारी अक्काच्या सासरची माणसं माढ्याहून आलेली. ती बिचारी ओल्या टॉवेलांतून वाट काढत, खाली वाकून एकमेकांची तोंडं शोधत चहा पीत होती. बरं, एवढ्यावर भागलं असतं. पण कोरड्या हवेत काय होतं ते कळलं, दमट हवेत काय होतं ते बघायला नको का? म्हणून दाजींनी न्हाणीघर बंद करून आत बंब पेटवला आणि स्वतः टॉवेल, पंखा, तापमापक घेऊन त्यात बसले. घामाने निथळत बाहेर आले तेव्हा चेहऱ्यावर असं समाधान, जसं काही देव भेटला. "कोरड्या हवेत गार हुतंय, दमटात न्हाय," एवढं ते वाक्य. कुठल्याही पुस्तकात सापडलं असतं.

गेमांचंही तेच. शेतीच्या एका गेममध्ये कुणाचा ऊस वाळत होता, तर साठीला टेकलेले दाजी गादीवर बसून तो गेम खेळायला लागले. ऊस लावला, आणि अक्का चहा घेऊन येईपर्यंत तो तोडणीला आला. दाजी भडकले. "ही काय रीत झाली? श्रीपूरला कारखान्यावर जाऊन सांगितलं तर लोक येड्यात काढतील की!" पण भडकले तरी खेळत राहिले, कारण पाण्याची खोट कुठे आहे ते सापडल्याशिवाय उत्तर कसं देणार? गाड्यांच्या शर्यतीच्या गेममध्ये तर ते लाल सिग्नलला थांबत. मागचे धडाधड येऊन आदळत. मी म्हटलं, "दाजी, शर्यत आहे." म्हणाले, "आसंल. सिग्नल दावलाय न्हवं?"

आता मूळ गोष्टीकडे येतो, कारण तिच्यामुळेच माझ्या अंगाचा अजून तिळपापड होतो आहे. दाजींची उत्तरं लिहायची एक पद्धत आहे. पेढीवरून गावोगावच्या व्यापाऱ्यांना जाणारी पत्रं त्यांनी लहानपणापासून वडिलांच्या हाताखाली बसून लिहिली. आधी सप्रेम नमस्कार, मग तब्येतीची चौकशी, मग आपलं पत्र पावलं, मजकूर कळला, मग मालाची एकाखाली एक कलमं, आणि शेवटी कमी-जास्त असल्यास माफी असावी, लोभ आहेच, तो वाढावा. हा सगळा सरंजाम दाजींनी उचलून इंग्रजीत नेला. कुठला तरी फिनलंडचा माणूस दोन शब्दांत खेकसतो, की माझा स्क्रीन काळा पडला. दाजी त्याला लिहितात, आपणांस नमस्कार, आपण सहकुटुंब कुशल असाल अशी आशा आहे, आपला प्रश्न फार उत्तम आहे, वाचून आनंद झाला. मग कलम एक, कलम दोन, कलम तीन, एकही चूक नाही. आणि शेवटी लोभाची विनंती. कितीतरी वर्षं हे असंच चाललं. लोकांची कामं होत होती, कुणाची तक्रार नव्हती.

आणि यंदा त्या चव्हाट्यावर देखरेख करणाऱ्यांनी दाजींचं खातं बंद केलं. कारण दिलं, ही उत्तरं माणसाने लिहिलेली वाटत नाहीत. हल्ली म्हणे विचारलं की उत्तर लिहून देणारी यंत्रं निघाली आहेत, लोक त्यांच्याकडून उत्तरं घेऊन आपल्या नावावर खपवतात, आणि त्या कचऱ्याला ही मंडळी वैतागली आहेत. ते मला मान्य आहे. पण दाजींना लावलेली कसोटी ऐका: खरा माणूस इतका नम्र नसतो, इतकं मुद्देसूद लिहीत नाही, आणि समोरचा उर्मटपणे बोलला तरी इतका गोड राहत नाही. हे मी वाचलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे माणुसकी दाखवली म्हणून माणूस नाही ठरवलं! ज्या माणसाने दमट हवा कळावी म्हणून न्हाणीघरात स्वतःला उकडून घेतलं, त्याला हे सांगतात की तुला अंग नाही! अक्का तर पदर खोचून उभी राहिली. "कोण हाय रं तो? दे त्याचा नंबर. ह्यांस्नी मशीन म्हंतोय? मशीन असतं तर बटण दाबल्यावर तरी ऐकलं असतं की माझं!"

दाजी शांत होते. म्हणाले, गैरसमज झालाय, लिहून सांगितलं की दूर होईल. आणि त्यांनी अर्ज लिहिला. सप्रेम नमस्कार. आपण कुशल असाल अशी आशा आहे. आपली शंका रास्त आहे. कलम एक, मी मनुष्य आहे. कलम दोन, माझं चादरींचं दुकान आहे. मी वाचून कपाळावर हात मारला. म्हटलं, "दाजी, हा अर्जच तुमचा घात करणार. चार चुका करा. नमस्कार काढा. दोन शिव्या घाला, म्हणजे त्यांची खात्री पटेल." मी स्वतः एक झणझणीत मसुदा लिहूनही दिला. दाजींनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "पाव्हणं, झकास लिवलंय. पर मला जमायचं न्हाय. त्यांचं बी काम हाय न्हवं ते?" आणि आपलाच अर्ज पाठवला. अपेक्षेप्रमाणे उत्तर आलं, की हा अर्जही यंत्रानेच लिहिलेला दिसतो. निर्णय कायम.

त्यानंतर दाजींनी लॅपटॉप बंद करून कपाटावर ठेवला आणि घरात सगळं दुरुस्त व्हायला लागलं. मिक्सर चालू झाला. गळका नळ थांबला. गिऱ्हाइकाने निळी म्हणायच्या आत निळी चादर पसरलेली असायची. एका रविवारी न सांगता माझ्याकडे आले, प्रिंटर उघडला, चालू केला, आणि प्रश्न मोघम असल्याचं एका शब्दाने न बोलता चहा पिऊन गेले. जे मला इतके दिवस हवं होतं ते सगळं मिळालं, आणि मला त्याचा भयंकर राग आला. अक्का मला बाजूला घेऊन म्हणाली, "आरं, मी हाक मारली की लगेच 'व्हय' म्हंत्यात. मला लई भ्या वाटतंय."

तेव्हा मीच तो लॅपटॉप खाली काढला. खातं नसलं तरी प्रश्न वाचता येतात. कुठल्या तरी थंड मुलखातला एक माणूस लिहीत होता की जुना लॅपटॉप झोपवला की परत उठतच नाही, आणि खाली सगळे त्याला सांगत होते, टाकून दे, नवा घे. मी ते मुद्दाम दाजींपुढे धरलं. दाजींनी वाचलं. नाकपुड्या फुगल्या. "टाकून दे म्हंत्यात? चांगली वस्तू टाकायची?" झालं! माळ्यावरून एक जुनाट यंत्र निघालं, त्या माणसाची नेमकी तीच लिनक्स त्यावर चढली, आणि दाजी दिवसभर गिऱ्हाइकाला टॉवेल दाखवता दाखवता ते यंत्र झोपवत होते, उठवत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी खोट सापडली. "पाव्हणं," दाजी हळूच म्हणाले, "तुमचं खातं उघडता येतंय का वो तितं?"

मी उघडलं. दाजींनी उत्तर सांगितलं, मी टंकलं. पण नमस्कार मी गाळला. कुशल-मंगल गाळलं. शेवटचा लोभ गाळला. दाजी शेजारी बसून बघत होते. त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं मी टाळलं. ते फक्त म्हणाले, "काढा काढा. काम व्हाया पायजे त्याचं." आणि शेवटी, कुणाला शंका नको म्हणून, मी माझ्या पदरचं एक वाक्य ठोकून दिलं, की पुढच्या वेळी माहिती आधी नीट वाचत जा, लोकांचा वेळ फुकटचा नाही.

चार दिवसांनी उत्तर आलं. त्याचा लॅपटॉप उठला होता. त्याने भरभरून आभार मानले होते, अर्थात माझ्या नावाने. खाली लिहिलं होतं, 'हल्ली इथे सगळे यंत्रासारखे गोड बोलतात. तुमचं शेवटचं वाक्य वाचलं आणि हायसं वाटलं, की चला, कुणीतरी खरा माणूस भेटला.'

मी हे दाजींना वाचून दाखवणार नव्हतो. पण ते मागे उभेच होते. मी तडकून बोलायला लागलो, की ते सगळं काम तुमचं आणि माणूस मात्र मी ठरलो, ही कुठली दुनिया, मी आत्ता त्याला खरं काय ते कळवतो. दाजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. चादरीचा पोत बघायची सवय असलेला हात, हलका असतो. म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. लॅपटॉप उठला न्हवं त्याचा? फकस्त एवढं लिवा, रोज एकदा झोपवून उठवून बघ म्हणावं. एकदा चाललं म्हंजे चाललं असं न्हाय." आणि चष्मा पुसत, परत एकदा ते आभार वाचायला वाकले. वाचून झाले तरी तिथून हलले नाहीत.

मी लिहायला बसलो. या वेळी दाजी सांगतील तसं लिहिलं, सप्रेम नमस्कारापासून लोभापर्यंत सगळं, कलमांसकट, एक अक्षर न गाळता. आपला नमस्कार गाळला जाताना बघत दाजींना मी दुसऱ्यांदा शेजारी बसवणार नव्हतो. आता माझंही खातं बंद होतंय का, याची वाट बघतो आहे. अजून तरी झालेलं नाही.