मास्तरांची केबल आणि माझा कोट

मास्तर,

तुमच्याबद्दल लिहिते आहे, आणि तुम्हाला विचारलेलं नाही. विचारलं असतं तर "बघू, सोमवारी सांगतो" म्हणाला असता, आणि तुमचा सोमवार मला चांगला ठाऊक आहे. तेव्हा आता इतरांना सांगते. तुम्ही मशीनवर बसून ऐका, चुकलं तर टोका. बरंचसं तुमच्या वहिनींकडून कळलंय, म्हणजे मीठमसाला त्यांचा.

मास्तर शिंपी. सत्तरीला टेकलेले, बिनलग्नाचे. पुढे दुकान, मागे घर, मधे एक पडदा. दुकानात दोन मशीन, एक त्यांचं आणि एक थोरल्या वहिनींचं. भाऊ गेल्यापासून काज-बटणं आणि टोमणे ही दोन्ही खाती वहिनींकडे. पडद्यामागच्या टेबलावर मास्तरांचा हौशी रेडिओ. परवाना काढून ज्यावर लांबलांबच्या माणसांशी बोलता येतं, तसला. दर रविवारी सकाळी साडेसातला वीस-बावीस जण एका ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर जमतात आणि मास्तर हजेरी घेतात. तीस वर्षांत एकही रविवार चुकलेला नाही. कोणी दोनदा गैरहजर राहिलं तर सोमवारी त्याला मास्तरांचं पोस्टकार्ड जातं. तेवढा एकच सोमवार ते पाळतात.

पण नजर गेली. शिवणकाम बोटांवर निभतं, सुई वहिनी ओवून देतात; रेडिओच्या काचेवरचे मुंगीएवढे आकडे कोण ओवून देणार? एका रविवारी मास्तरांनी सहाचा आठ वाचला आणि वीस मिनिटं परक्यांच्या गप्पांत शिरून हजेरी घेत बसले. तिथल्या कोणीतरी झाडलं, "आजोबा, आता पुरे करा हे." मास्तरांनी रेडिओ बंद केला. हजेरीची वही मेणकापडात गुंडाळून ठेवली. पूर्वी दीपगृहावर नोकरी केलेला एक मित्र हजेरीला असतो, त्याच्याकडे ती पाठवायची, असं मनाशी ठरलं.

एक उपाय उरला होता. जुना कॉम्प्युटर रेडिओला जोडला की तो रेडिओला फ्रिक्वेन्सी विचारून घेतो आणि स्क्रीनवर तळहाताएवढ्या आकड्यांत दाखवतो. त्यासाठी लागणारी केबल आता कुठे मिळत नाही. मास्तरांनी एका जुन्या केबलचं रेडिओकडचं टोक तसंच ठेवलं आणि कॉम्प्युटरकडचा नऊ पिनांचा प्लग एका छापील आकृतीवरून स्वतः सोल्डर करून बसवला. तारा तीन. एकीतून कॉम्प्युटर बोलणार, दुसरीतून रेडिओ उत्तर देणार, तिसरी दोघांची सामाईक. रविवारपर्यंत चाललं तर ठीक, नाहीतर वही पोस्टात.

गुरुवारी केबल लावली. कॉम्प्युटरवर आकडा टाइप केला, रेडिओने निमूट फ्रिक्वेन्सी बदलली. स्क्रीनवर मात्र शून्यं ती शून्यंच. मास्तरांनी सेटिंगमधले माहिती पाठवण्याचे सगळे वेग लावून पाहिले. सांधे उकलून पुन्हा सोल्डर केले. मीटर लावला, तर तिन्ही तारा ठणठणीत.

"सांगितलेलं ऐकतो, वहिनी. विचारलं की तोंड उघडत नाही."

"तुमच्या दादांच्या वळणावर गेलाय," वहिनी काज करता करता म्हणाल्या. "चाळीस वर्षं काढली मी. तुम्हाला दोन दिवसांत दम लागला?"

"रविवार आला ना."

"त्याआधी शनिवार आहे. त्या बाई कोट न्यायला येतील. त्यांची जीभ माहीत आहे ना?"

त्या बाई म्हणजे मी. कोटाला नवं अस्तर लावायचं होतं आणि बाह्या दोन बोटं आखूड करायच्या होत्या.

शनिवारी जेवणं उरकल्यावर मास्तर तोंड पाडून कोट घेऊन बसले. एका बाहीला टाचण्या लावल्या आणि अस्तर उसवायला कोट उलटा केला. डावी बाही उजवीकडे आली, उजवी डावीकडे. पाठीची मधली शिवण होती तिथेच राहिली. हे त्यांनी आयुष्यात दहा हजार वेळा केलं असेल. या वेळी हात थांबला.

"वहिनी, भिंग घ्या आणि या प्लगवरचे नंबर वाचा. माझ्या तारा कुठेकुठे लागल्यात?"

वहिनींनी चष्म्यापुढे भिंग धरलं. "एक, तीन, चार."

"दोन, तीन, पाच नाही?"

"मला वाचता येतं, भावोजी."

शिंप्याचं सगळं काम कापडाच्या आतल्या बाजूने. त्यामुळे कसलीही आकृती समोर आली की तो ती आधी मनात उलटी करतो. ही आकृती काढणाऱ्याने ती मुळातच मागून, सोल्डरच्या बाजूने काढलेली. मास्तरांनी सवयीने ती पुन्हा उलटवली. प्लगच्या वरच्या, पाच पिनांच्या ओळीत मधली, तीन नंबरची, कितीही उलटवा, जागची हलत नाही. म्हणून कॉम्प्युटरचं बोलणं पोचत होतं. रेडिओचं उत्तर भलत्याच पिनेवर जात होतं. सामाईक तारही चुकलेली, पण तिचं काम विजेच्या बोर्डाच्या अर्थिंगवर भागत होतं. आणि मीटर? तोही त्याच उलट्या आकृतीवरून लावलेला, तो कशाला तक्रार करेल.

"म्हणजे केबल तुम्ही आतून शिवलीत," वहिनी म्हणाल्या.

"शिवण पक्की आहे."

"पक्की आहे हो. उसवा."

चार वाजता स्क्रीनवर आकडे आले. वहिनींनी आपल्या मशीनवरूनच पडदा सारून ते मोठ्याने वाचले, शेवटचा मुद्दाम चुकीचा. मास्तरांनी खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून तो सुधारला.

रविवारी साडेसातला हजेरी झाली. दीपगृहवाले म्हणाले, मास्तर, आवाज आज तरुण वाटतोय. "आवाज तोच आहे," मास्तर म्हणाले, "आकडे मोठे झालेत." वही मेणकापडातून बाहेर आली. मेणकापड वहिनींनी मशीन झाकायला घेतलं.

आता कोटाचं, मास्तर. त्या शनिवारी सहाला मी आले, तेव्हा तो उलटाच खुंटीवर होता आणि तुम्ही पडद्यामागे एकटेच हसत होता. "सोमवारी न्या, बाई," म्हणालात. त्याला तीन हिवाळे झाले. मी स्वेटरवर स्वेटर चढवून हिंडते आहे. परवा वहिनींशी बोलत खुंटीपाशी उभी होते, तर डाव्या बाहीतली टाचणी बोटाला लागली. का उजव्या, ते तुम्हीच सांगा.