दोन लोखंडांच्या मधात

उस्ताद घोड्यावरून उतरले की आधी चावी काढून छातीच्या खिशात टाकत आणि खिशाचं बटण लावत. घोडा म्हणजे ट्रेलर ओढणारं इंजिनाचं पुढचं धूड. आसपास चिटपाखरू नसलं तरी हा सोपस्कार चुकायचा नाही. मी एकदा चिडवलं, "उस्ताद, इथून गाडी कोण चोरून नेते?" ते म्हणाले, "चोराचं भेव नाही रे भाऊ. माणूस दोन लोखंडांच्या मधात शिरला, की चावी त्याच्याच खिशात पाह्यजे."

उस्ताद मूळचे नेरचे, नोकरीला आमच्या राजूरच्या यार्डात. मी दहा वर्षं साधा ट्रक चालवून त्यांच्या हाताखाली आलो होतो, म्हणजे शहाणपणा अंगात पुरेपूर. त्यांनी पहिला आठवडा मला स्टेअरिंगला हातही लावू दिला नाही. चाकांना गुटके लाव, ट्रेलरचे पुढचे पाय हँडल मारून खाली घे, हवेचे पाइप काढ, पुन्हा जोड. हे करून माझे खांदे भरून यायचे आणि ते बाजूला चहा पीत विचारायचे, "ट्रेलर सोडताना पह्यले काय पाह्याचं?" मी ब्रेक म्हणायचो. ते मान हलवायचे. "पह्यले जमीन पाह्याची. आपली माती कायी हाय. वरून दगडावानी दिसते अन् आतून लोणी असते." त्यांच्या गाडीत म्हणूनच दोन जाड फळ्या कायम असत, ट्रेलरच्या पायांखाली द्यायला.

जोडताना घोडा मागे घेतला, की ट्रेलरची पिन घोड्याच्या पाठीवरच्या लोखंडी जबड्यात बसते आणि खाडकन आवाज होतो. त्या आवाजावर उस्तादांचा काडीचा भरवसा नव्हता. ट्रेलरचे ब्रेक दाबलेले ठेवून घोडा हळूच पुढे ओढून बघायचा, मग चावी काढून, उतरून, बॅटरी घेऊन वाकून जबडा बघायचा. मी "बसली" म्हटलं की त्यांचा प्रश्न ठरलेला, "कानानं आयकलं का डोयानं पाह्यलं?"

एका पावसाळ्यात खाणीला पोचवायच्या लोखंडी पाइपांनी भरलेला ट्रेलर मी यार्डात सोडला होता. पाय चिखलात रुततील या धास्तीने मी खाली फळ्या दिल्या आणि वर हँडल चार फेरे जास्तच मारलं. ट्रेलरचं तोंड उचललं गेलं. सकाळी खाणीवरून फोनवर फोन येत होते. मी घोडा मागे घेतला, खाडकन आवाज झाला, आणि चिखलात कोण वाकणार म्हणून तसाच निघायच्या बेतात होतो. उस्तादांनी विचारलं, "पाह्यलं का?" मी म्हणालो, "पाह्यलं."

उस्ताद बॅटरी घेऊन पुढे झाले. त्या चिखलात आडवे झाले, उठले आणि मलाही आडवं व्हायला लावलं. घोडा आणि ट्रेलर यांच्या मधून चार बोटं उजेड दिसत होता. पिन जबड्यात नव्हतीच, नुसती वर टेकली होती. पुढच्या उताराला, आठवडी बाजाराच्या वळणावर, ते पाइप कोणाच्या अंगावर गेले असते हे सांगायला मला कोणी लागलं नाही. तेवढ्यात खाणीचा फोन आला. उस्तादांनी तो स्वतः घेतला आणि म्हणाले, "मायाकून उशीर झाला. एक घंटा लागन."

माझं नाव त्यांनी कुणापाशी काढलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या दिवसापासून मी गाडी जोडली की ते न विचारता माझ्यामागून जाऊन स्वतः वाकून बघत. वर्ष झालं, दीड वर्ष झालं, गुडघे दुखत होते तरी वाकत. मी आता खरं बोलत होतो, पण माझ्या शब्दाला किंमत उरली नव्हती आणि ती मीच घालवली होती.

उस्तादांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी मीच त्यांना वणीच्या बसस्टँडवर सोडणार होतो, ट्रेलर घेऊनच. मी गाडी जोडली, ओढून पाहिली, वाकून जबडा पाहिला. उस्ताद पिशवी घेऊन उभे होते.

"पाह्यलं का?"

"पाह्यलं, उस्ताद."

मी बाजूला सरकलो, त्यांना वाकायला जागा करून दिली. ते वाकले नाहीत. दाराला धरून सावकाश वर चढले आणि माझ्या शेजारच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन बसले.

मी गाडी सुरू केली. मग बंद केली, खाली उतरलो आणि पुन्हा एकदा वाकून बघून आलो.

"आता चाल," उस्ताद म्हणाले.