तांब्याची दुसरी चकती

वसमतहून परतताना वळणावर स्टिअरिंग एकाएकी जड झालं. पंधरा दिवसांपासून वळताना घुंई असा आवाज यायचा, पण मी तो मनावर घेतला नव्हता. समोरून हळदीची पोती लादलेला ट्रॅक्टर येत होता. मी स्टिअरिंग डावीकडे ओढलं, ते हलेना. मग खांद्यापासून जोर लावला, तेव्हा कुठे गाडी खडीत उतरली आणि बाभळीपासून हातभर अंतरावर थांबली. शेजारी माझी भावजय बसली होती. नऊ महिने भरत आलेले. ती ओरडली नाही. एक हात पोटावर ठेवून एवढंच म्हणाली, "ताई, जरा थांबू."

तिला डॉक्टरांनी परवाची तारीख दिली होती. सकाळी नऊपर्यंत नांदेडच्या दवाखान्यात पोचायचं आणि दहाला ऑपरेशन. पहिलं बाळ कळा सुरू झाल्यावर वाटेतच गेलं होतं, म्हणून या वेळी कळांची वाट पाहायचीच नव्हती. माझा भाऊ पुण्याहून थेट दवाखान्यात येणार होता. गाडी त्याचीच, जुनी, घरी सोडलेली. ती चालवायला मी शाळेतून रजा काढून माहेरी आले होते.

कशीबशी गाडी घरी आणली. नेहमीच्या मिस्त्रीला फोन केला तर तो लग्नासाठी वाशीमला गेलेला. फोनवरच आवाज ऐकून म्हणाला, "स्टिअरिंगचा पंप गेला. चार दिवसांनी बघतो, तोवर हलवू नका." लग्नसराई होती, गावातल्या भाड्याच्या गाड्या सगळ्या बाहेर होत्या. तरी खरं सांगायचं तर दोन-चार ठिकाणी हात जोडले असते तर एखादी जीप मिळाली असती. मी फोन हातात घेतलाही होता.

तेवढ्यात बाबा उठून उघड्या बोनटपाशी आले. माझे बाबा एसटीच्या डेपोत तीस वर्षं मेकॅनिक होते. अकरा महिन्यांपूर्वी त्यांना लकवा झाला, उजवा हात गेला, पाय अधू झाला आणि बोलणं विस्कटलं. शब्द तोंडात होते, पण जागा सोडून यायचे. चहा हवा असला की 'चप्पल' म्हणत. व्हय म्हणायचं तिथं न्हाई. आजारानंतर त्यांनी गाडीकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. त्या दिवशी काठी टेकत आले, वाकून वास घेतला, पंपाखालचं ओलं डाव्या हाताच्या बोटानं चाचपलं आणि कोठीकडे बोट दाखवून म्हणाले, "भाकर. भाकर आण."

कोठीत त्यांची पान्यांची पेटी होती.

डेपोतले त्यांचे जुने सोबती, आम्ही त्यांना चाचा म्हणतो, आता वसमतला स्पेअर पार्ट विकतात. मी त्यांना फोन लावला. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, वाकायची मनाई, म्हणून येऊ शकत नव्हते. पण दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं, ओळखीच्या ड्रायव्हरच्या हाती त्यांनी नवा पंप, तेलाचा डबा आणि तांब्याच्या दोन नव्या चकत्या पाठवल्या. फोनवर म्हणाले, "बेटी, उनकी ज़बान पे मत जा. हाथ देख."

आईला हे अजिबात पटलं नाही. "काहून जिवाशी खेळून राहिली? त्यांना भाकर आणि पाना कळंना, अन् तू त्यांच्या भरवशावर लेकराच्या आईला नेणार?"

मी आयुष्यात चाकही बदललं नव्हतं. लहानपणी पेटीला हात लावला तर बाबा खेकसायचे, "तुझं काय काम हितं?"

सकाळी साडेआठला कडुनिंबाखाली गाडी लावली. अंगणाच्या दुसऱ्या अंगाला शिजवलेली हळद वाळत होती. बाबा खुर्चीवर बसले. त्यांनी मांडीवर स्टीलचं ताट घेतलं आणि ते बोटानं वाजवून दाखवलं. म्हणजे निघेल ते यात टाकायचं. बाबांना सुरुवातीला नळीनं पेज द्यायचो, ती मोठी सिरिंज घरात होती. तिनंच स्टिअरिंगच्या टाकीतलं जुनं तेल उपसलं. काळंकुट्ट, जळक्या वासाचं.

पंप फिरवणारा पट्टा सैल करायला तासभर गेला. बोल्ट गंजलेला. बाबा "उजवीकडं" म्हणत आणि हात डावीकडे फिरवत. मी आधी शब्द ऐकला, पाना सटकला आणि बोटांची सालं निघाली. ते चिडले. मीही चिडले. "बाबा, एक काय ते सांगा ना!" त्यांचा चेहरा लाल झाला, ओठ हलले, पण काहीच आलं नाही. त्यांनी नजर खाली घातली. मग मी त्यांच्या तोंडाकडे पाहणं सोडलं आणि हाताकडे पाहू लागले.

पंपाला दोन नळ्या होत्या. एक साधी रबरी, ती निघाली. दुसरी दाबाची, लोखंडी. तिच्या तोंडाला जाड बोल्ट आणि बोल्टाच्या दोन्ही अंगांना तांब्याची एकेक चकती, तेल गळू नये म्हणून. तो बोल्ट काढला, एक चकती ताटात टणकन पडली. मग पंप धरणारे बोल्ट काढले आणि जुना पंप बाहेर आला. चांगलाच जड. मला आनंद झाला. बाबांना मात्र नाही. ते ताटात बोट फिरवत राहिले, मग मला एक बोट दाखवलं.

"एक बोल्ट राहिला?" मी विचारलं.

"न्हाई," ते म्हणाले. पण न्हाईचा अर्थ व्हयही असायचा. मी पाहिलं, बोल्ट सगळे निघालेले होते. नवा पंप बसवला, नव्या दोन्ही चकत्या घातल्या, बोल्ट आवळला. ते पुन्हा एक बोट दाखवत होते. मला वाटलं, एक मिनिट थांब म्हणतात, दमले असतील.

पट्टा चढवला, नवं तेल भरलं. पुढची चाकं जॅकवर उचलून खाली लाकडी ठोकळे दिले आणि इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेक वेळा फिरवलं, आतली हवा निघावी म्हणून. तोवर दुपारचे तीन वाजले होते. भावजय ओसरीच्या खांबाला टेकून सगळं बघत होती.

मी इंजिन सुरू केलं. पहिले काही क्षण ठीक. मग मी स्टिअरिंग वळवलं आणि पंप विव्हळल्यासारखा ओरडायला लागला.

"पाणी!" बाबा ओरडले. "पाणी! पाणी!"

आई तांब्या घेऊन धावली. त्यांनी तो डाव्या हातानं उडवला. तांब्या गाडीच्या दारावर आपटला. ते खुर्चीतून उठायला बघत होते आणि उजवा पाय साथ देत नव्हता. तेव्हा मला बोनटमधून धूर दिसला. बोल्टाच्या बाजूनं तेलाची बारीक चिळकांडी थेट धुराच्या तापलेल्या नळकांड्यावर उडत होती. मी चावी फिरवली. इंजिन बंद झालं.

आई हळूच म्हणाली, "झालं ना समाधान?" आणि आत गेली.

मी जमिनीवर बसले. आता जीप शोधायची, लोकांना फोन करायचे. भावाला काय सांगायचं? तेवढ्यात बाबांनी खुर्ची काठीनं ठोकली. मी वर पाहिलं. जुनी तांब्याची चकती त्यांनी तर्जनीत अंगठीसारखी घातली होती आणि ते बोट माझ्यापुढे धरलं होतं. मग ते मिटून शेजारचं रिकामं बोट पुढे केलं. पुन्हा चकतीचं. पुन्हा रिकामं.

आत दोन नव्या चकत्या गेल्या होत्या. बाहेर जुनी एकच आली होती.

मी बोल्ट पुन्हा काढला. मोबाईलच्या उजेडात नळीच्या तोंडाकडे पाहिलं. जुनी चकती तिथंच होती, काळी पडून धातूला अशी चिकटलेली की वेगळी ओळखूच येऊ नये. मी तिच्यावरच नवी बसवली होती. पातळ पात्यानं ती उचकटली तर हळूहळू निघाली. बाबांनी ती ताटात घेतली, दोन्ही शेजारी ठेवल्या आणि डोळे मिटले. त्यांच्या कपाळावर घाम होता. सकाळपासून ते मला हेच सांगत होते.

नव्या चकत्या दाबल्या गेल्या होत्या का, ते मला कळेना. मी त्या त्यांच्या तळहातावर ठेवल्या. त्यांनी अंगठ्यानं दोन्ही बाजू चोळून पाहिल्या आणि परत दिल्या. बोल्ट आवळताना ते "अजून, अजून" म्हणत राहिले, पण एका क्षणी त्यांचा पंजा खाली आला. मी तिथंच थांबले.

सांडलेलं तेल पुसलं, पुन्हा भरलं, पुन्हा वीस वेळा स्टिअरिंग फिरवलं. पुन्हा इंजिन सुरू केलं. वळवलं. आवाज नाही. कोरडं फडकं बोल्टाला लावलं. फडकं कोरडंच राहिलं.

बाबांना शेजारी बसवून मी औंढ्याच्या रस्त्यानं सहा-सात किलोमीटर गेले. प्रत्येक वळणाला त्यांचा डावा तळवा दरवाजावर ताठ व्हायचा. एका अरुंद पुलापाशी ट्रक आला, मी गाडी एका हातानं कडेला घेतली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

घरी आल्यावर आईनं भावजयीला विचारलं, "तुझं काय म्हणणं हाय? नसंल जायचं तर आत्ता सांग."

ती म्हणाली, "मी दिवसभर बघत व्हते मामंजींकडं. जाते."

पहाटे उठून निघालो. दीड तास मी ताशी चाळीसच्या वर गेले नाही. वसमतला चाचांच्या दुकानासमोर थांबून बोनट उघडलं, बोल्टाला फडकं लावलं, मग पुढे. नऊच्या आत दवाखान्यात पोचलो. अकराच्या सुमारास मुलगी झाली. जरा अशक्त होती, पण रडली जोरात.

भाऊ तोवर पोचला होता. मुलीला पाहून झाल्यावर त्यानं सहज विचारलं, बिघडल्याचं तेवढं फोनवर कळलं होतं, मग गाडी कोणी दुरुस्त केली. मी सांगितलं. तो बाकावर बसला.

"बाबांनी? अन् तू? आणि तिला त्या गाडीत बसवून आणलंस?"

"व्हय."

"काही झालं असतं म्हणजे?"

त्याचं चुकत नव्हतं. संध्याकाळपर्यंत तो बायकोजवळ बसून होता. मग माझ्या हातातली चावी घेऊन खाली गेला. खिडकीतून मी पाहत होते. त्यानं गाडी सुरू करून स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवलं. खाली उतरून, शर्ट मळेल याची पर्वा न करता रस्त्यावर आडवा झाला आणि मोबाईलचा उजेड टाकून गाडीखाली बराच वेळ बघत राहिला. तिथूनच त्यानं घरी फोन लावला. आईनं उचलला असणार, कारण तो एवढंच म्हणाल्याचं मला ऐकू आलं, "बाबांच्या कानाला लाव."

मग तो म्हणाला, "बाबा, कुठंच गळत नाही," आणि फोन कानाशी धरून त्यांचं ऐकत उभा राहिला.