नदी संपेपर्यंत

ताणलेली दोरी दिसली की काका तिला टिचकी मारायचे आणि मान वाकडी करून ऐकत राहायचे. मग ती वाळत घातलेल्या कपड्यांची असो की लग्नाच्या मांडवाची. "ढिली हाय," म्हणत थेट गाठ सोडायलाच बसायचे. लग्नघरच्यांचा जीव टांगणीला. असा एखादा तुमच्याही गल्लीत असेल. आमच्या दर्यापुरात हे होते.

ऐन उमेदीची वर्षं त्यांनी दूर काढली, नदी समुद्राला मिळते तिथल्या मोठ्या पुलावर. उंच खांबांवरून सोडलेल्या पोलादी दोरांनी तो रस्ता तोललेला. काका ते दोर ओढणाऱ्या टोळीत होते. सुट्टीवर आले की अंगणात बसून सांगायचे, सकाळच्या धुक्यात खांब दिसतच नाहीत, नुसते दोर आभाळातून उतरलेले. भरतीला नदी उलटी चालते. ऐकता ऐकता आमचं तापलेलं अंगणही ओलसर वाटायला लागायचं.

काकूंना काही हे पटत नसे. "खाली खांब नाही तं पडत कावून नाही?" पाळण्याचं उदाहरण देऊन काका थकले. हिला एकदा तो पूल दाखवायचाच, एवढी एकच हौस त्यांनी धरली.

पूल सुरू झाला आणि ते काकूंना घेऊन गेले. परतल्यावर मी विचारलं, तर काकूंनी पूल पाहिलाच नव्हता. आपल्याकडे वाटेत पूर्णा नदी आली की एसटीतली माणसं हात जोडतात. काकू तर डोळेही मिटतात, नदी संपेपर्यंत. तिथेही त्यांनी मिटले. पूर्णा बघता बघता सरते, ती नदी सरेचना. डोळे उघडले तेव्हा पूल मागे पडला होता. वर गाडी थांबवू देत नाहीत, आणि परतीची रेल्वे पलीकडूनच होती.

मला फार चुटपुट लागली. काकांना म्हटलं, "तुमी हलवलं कावून नाही?"

"नदीले हात जोडून राहिली होती. मधात कसं बोलू?" मग हसले. "मी तं तिच्याच तोंडाकडे पाहून राहिलो होतो. पाहू, पुढच्या खेपेले."

ती खेप काही आली नाही. गेल्या उन्हाळ्यात काका झोपेतच गेले. गल्लीतल्या दोऱ्या आता कशाही लोंबतात, कोणी काही म्हणत नाही.

परवा काकूंना घेऊन अकोल्याला निघालो. पूर्णा आली. काकूंनी हात जोडले, पण डोळे उघडेच ठेवले. खिडकीतून वर, रिकाम्या आभाळाकडे बघत होत्या. नदी मागे पडली तरी हात तसेच. काय पाहता, म्हणून विचारलं.

"यायनं सांगतलेले दोर," त्या म्हणाल्या.