होणाऱ्या सासरच्या गावात कॉलेजचं काम

माझी बायको गेली त्याला अजून वर्ष झालं नाही. घर खायला उठते. म्हणून लिहायला बसलो. मी चौथीपर्यंतच शिकलो, तेव्हा शुद्धलेखनाचं मला विचारू नका.

ऐंशी सालानंतरची गोष्ट आहे. आम्ही तळ्यात मासे मारणारे लोक. आमच्या गावातून कॉलेजात गेलेली पहिली पोरगी आमची. ते काही माझं कर्तृत्व नाही, बायकोचं. ती साकोलीच्या बाजारात मासे घेऊन बसायची. समोरून कॉलेजच्या पोरी जाताना पाहून तिनं ठरवून टाकलं होतं.

पोरगी शेवटच्या वर्षाला असताना एकोडीच्या एका घरी सोयरीक जुळली. साक्षगंध झालं, लग्न उन्हाळ्यात धरलं. आमच्यासारखेच तळ्याचे लोक, वर धानाच्या दोन बांध्या शेती. मुख्य म्हणजे पोरीला परीक्षा देऊ देणार होते. असं घर पुन्हा मिळणार नव्हतं.

त्याच वर्षी तिच्या सरांनी नवा अभ्यास काढला. नुसती पुस्तकं वाचून गाव कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. पोरापोरींनी काही दिवस एका गावात राहायचं, गावाला काय पाहिजे ते तिथल्या बायामाणसांना विचारायचं, त्यातलं एक काम आपल्या हातानं करायचं आणि मग त्यावर लिहायचं. त्याचेही मार्क. स्वतःचं गाव कोणाला द्यायचं नाही, एवढा एक नियम. सर हुशार माणूस, पण दूरच्या मुलखातले. त्यांनी आमच्या पोरीला एकोडी दिलं.

आमच्यात साक्षगंध झाल्यावर लग्न होईपर्यंत पोरगी त्या गावच्या शिवेत पाय ठेवत नाही. ठेवला तर लोक म्हणतात, पोरगी उतावळी आणि मायबाप बेशरम. यावरून मोडलेल्या सोयरिकी मी पाहिल्या आहेत.

पोरगी म्हणाली, "नाही गेली तर नापास होईन, बाबा."

"आन गेली तर?" मी म्हटलं. ती रडायला लागली.

आम्ही दोघं नवराबायको कॉलेजात गेलो. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "हे माझ्या लक्षातच आलं नाही. एकोडीच्या सरपंचांना नावं कळवून झाली, तरी तिचं गाव बदलून देतो."

बायको म्हणाली, "आता कसं बदलता जी? तुमी सरपंचाले नावं सांगून बसले. आता पोरीचं नाव काढलं तर ते म्हणतीन, आमचं गाव हिले हलकं वाटते."

"मग मी काय करू, मावशी?"

"तुमी काही नका करू. केलं तेवढं पुष्कळ झालं."

घरी येऊन तिनं मलाच एकोडीला पाठवलं. वर सांगितलं, "तोंड सांभाळून बोलजा."

ते काही मला जमत नाही. अंगणात व्याही जाळं विणत होते, विहीणबाई धान पाखडत होत्या. मी उभ्या उभ्याच बोललो, "पोरगी तुमच्या गावात राहाले येणार आहे. कॉलेजचं काम आहे. सोयरीक मोडाची असन तर आत्ताच सांगा."

व्याह्यांच्या हातातली सुई थांबली. विहीणबाईंचं सूप मात्र चालूच होतं.

"बसा तर खरं," त्या म्हणाल्या. "काहून एवढे घाबरून राहिले? काम गावात आहे ना, माह्या घरात तर नाही? मंग येऊ द्या. घरात पाय नाही ठेवाचा आन पोराशी बोलाचं नाही. बाकी गावात कुठंबी फिरू द्या."

"पोरगा घरीच राहीन ना पण?"

"त्याले धाडते मामाच्या गावाले."

व्याही म्हणाले, "मले कोणी इचारूनच नाही राहिलं."

"तुमी जाळं विणा," विहीणबाई म्हणाल्या.

पोरगी एकोडीला गेली. कामाच्या शेवटच्या दिवशी सरांनी मायबापांनाही तिथं बोलावलं होतं. गावातल्या बायांनी मागितलं ते एकच: विहिरीजवळ साचणारं सांडपाणी घालवा. म्हणून पोरांनी तिथं शोषखड्डा खोदला होता. आणि ती विहीर नेमकी व्याह्यांच्या कुंपणाला लागून! विहीणबाई बायकोजवळ येऊन बसल्या.

"तुमची पोरगी माह्या कुंपणाजवळ खोदत होती, पण एकडाव मान वर करून घराकडं नाही पायलं. मीच पायत होती कुंपणातून. मंग नाही राहवलं. गेली मी टोपलं उचलाले. आता बाया मलेच म्हणतात, सासू उतावळी!"

आणि स्वतःच एवढ्या मोठ्यानं हसल्या की सर भाषण करायचे थांबले. बायको पदर तोंडाला लावून हसत होती, डोळे पुसत होती.

पुढच्या वर्षापासून गाव देण्याआधी सर पोरींना विचारू लागले, "सोयरीक कुठं जुळली आहे का?" पोरं हसली, तेव्हा त्यांनी पोरांनाही विचारलं.

त्या दिवशी संध्याकाळी एकोडीहून परतताना बसमध्ये बायको माझ्या खांद्यावर झोपून गेली. त्या सगळ्या दिवसांत ती धड झोपली नव्हती. आमचा फाटा आला. मी उठवलं नाही. पुढच्या फाट्यावर उतरून आम्ही मागं चालत आलो. घर येईपर्यंत तिनं मला शिव्या दिल्या, आणि मी ऐकत चाललो. पुष्कळ दिवसांनी तिच्या आवाजात काळजी नव्हती.